टोकियो पायी पायी, वाटाड्याच्या सोबतीने

निंबोणी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन टोकियोला आठ दिवस राहून आले. त्यातले दोन दिवस आम्ही एका खासगी गाईडबरोबर पायी फिरलो. हा धागा फक्त त्या दोन दिवसांबद्दल आहे. स्कायट्री, शिबुया वगैरे आम्हीही केलं, त्यावर इथे भरपूर लिहून झालं आहे. पण परत आल्यापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते ते एका देवळातल्या मुळ्यांबद्दल, आणि बाबा सांगतात ते एका दफनभूमीतल्या लाकडी पट्ट्यांबद्दल. या दोन्ही गोष्टी मला एकटीला कधीच सापडल्या नसत्या.

आमच्या गाईड परवानाधारक होत्या, वय ६५च्या पुढे, निवृत्त शिक्षिका. इंग्रजी संथ आणि स्पष्ट. आई पहिल्या तासातच त्यांना 'ताई' म्हणायला लागली. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, मग मला ताईच म्हणा. म्हणून इथेही ताईच लिहिते.

जायच्या तीन आठवडे आधी त्यांची लांबलचक ईमेल आली. एका दमात किती चालवतं, जिने चढता येतात का, किती वेळाने बसावं लागतं, काय खात नाही, आणि शेवटी, घरी रोज संध्याकाळी तुम्ही काय करता? हा प्रश्न कशासाठी ते मला कळेना. मी लिहिलं की आई अथर्वशीर्षाची आवर्तनं करते, आणि बाबांना जुन्या लिप्यांचं वेड आहे, ते मोडीचे वर्ग घेतात. मी पाठवलेली नऊ ठिकाणांची यादी त्यांनी बाजूला ठेवली आणि कळवलं, पहिला दिवस असाकुसा, दुसरा दिवस यानाका, बाकी काही नाही. खरं सांगते, मी नाराज झाले होते. सहा तास आणि एकच वस्ती?

पहिल्या दिवशी त्यांनी सकाळी आठला बोलावलं. सेन्सोजी देवळाच्या वाटेवरची नाकामिसेची दुकानं तेव्हा बंद असतात, त्यामुळे बंद शटरवर रंगवलेली चित्रं दिसतात. दहानंतर शटर वर गेली की ती दिसत नाहीत. कामिनारीमोन दरवाज्यातला लाल कंदील सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. जवळजवळ ४ मीटर उंच, ७०० किलो वजनाचा. ताईंनी आम्हाला त्याच्या बरोबर खाली उभं केलं आणि मान वर करायला सांगितली. कंदिलाच्या तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे! हा दरवाजा १८६५ मध्ये जळला, त्यानंतर ९५ वर्षं इथे दरवाजाच नव्हता. १९६० मध्ये पॅनासोनिकचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून तो पुन्हा उभा राहिला.

परंपरा सांगते की ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती आली, आणि तिथून हे देऊळ सुरू झालं. ती मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत. मुख्य देऊळ १० मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात जळलं, आज दिसतं ते १९५८ मध्ये बांधलेलं. हे तर कुठल्याही फलकावर वाचता येतं. ताई आम्हाला बाजूच्या एका गिंकोच्या झाडाशी घेऊन गेल्या. वर सगळी पानं पिवळीधम्मक. खाली खोडाला मात्र एका अंगाने काळी, कोळशासारखी फट. त्या रात्री होरपळलेलं झाड ते. बाबांनी खोडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ताई काही बोलल्या नाहीत, घड्याळही बघितलं नाही.

तिथून नदीकाठाने कोतोतोई पुलाकडे. त्या एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं गेली, आणि दोन्ही काठांवरून पळणाऱ्यांची गर्दी याच पुलावर एकमेकींवर आदळली. पुलाच्या दुरुस्तीत काढलेले जुने कडेचे दगड उद्यानात स्मारकाशेजारी ठेवले आहेत. ताईंची आई तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेबरोबर तिला गावाकडे हलवलं होतं म्हणून ती वाचली. आजी आणि एक मावशी इथे होत्या. ताईंनी एवढंच सांगितलं आणि पिशवीतून थर्मास काढून आम्हाला चहा दिला.

पुलाजवळच, याच काठावर, जेमतेम १० मीटर उंचीची टेकडी आहे, मात्सुचियामा. तिच्यावरच्या देवळाला शोदेन म्हणतात. पायऱ्या चढताना आईच्या लक्षात आलं की दगडात ठिकठिकाणी मुळे कोरलेत. दोन मुळे एकमेकांत गुंतलेले, आणि नाडी ओढून बांधलेली पैशांची थैली. ताई म्हणाल्या, तुमचाच देव आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे विनायक. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर तो इथे पोचला. मूर्ती इथेही झाकलेलीच असते. त्याचा नैवेद्य म्हणजे मुळा. देवळातच विकत मिळतो, पांढराशुभ्र, माझ्या हाताएवढा लांब. मुळा आरोग्याचा आणि घरातल्या सलोख्याचा, थैली व्यवसायातल्या बरकतीची. ताईंनी कांगितेनचा मंत्र हळू म्हणून दाखवला, 'ओन किरिकु ग्याकु उन सोवाका'. आईने पुन्हा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा तिला सापडलं. सोवाका म्हणजे स्वाहा. ओन म्हणजे ॐ. आणि मधला ग्याकु, तो 'गः'. गणपतीचं बीज!

आईने मुळा वाहिला, हात जोडले आणि तिथेच उभ्याने अथर्वशीर्ष म्हटलं. झाडलोट करणारे एक आजोबा झाडू थांबवून उभे राहिले, ते तिचं संपेपर्यंत. वाहिलेले मुळे नंतर भक्तांना घरी न्यायला ठेवतात. त्याला ओसागारी म्हणतात, म्हणजे वरून खाली आलेलं. आई म्हणाली, "म्हणजे प्रसादच की!" आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. दाण्याचं कूट घरून नेलेलं होतं, दही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. रात्री त्या मुळ्याची कोशिंबीर केली.

दुसऱ्या दिवशी यानाका. १९२३च्या भूकंपातून आणि १९४५च्या बॉम्बहल्ल्यातून ही वस्ती बरीचशी वाचली, म्हणून इथे अजून लाकडी घरं, अरुंद बोळ आणि देवळांमागून देवळं आहेत. नेझूच्या मंदिरापासून सुरुवात केली. १७०६ची इमारत, सुंदर आहे, फार थांबलो नाही. मग हेबीमिची, म्हणजे सापाची वाट. गल्ली इतकी वळणं का घेते? खाली नदी आहे. आइझोमे नावाची छोटी नदी झाकून वर रस्ता केला, आणि रस्त्याने नदीची वळणं तशीच ठेवली. डावीकडच्या घरांच्या पाट्या वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या, कारण नदी ही दोन प्रभागांची हद्द होती. नदी दिसेनाशी झाली तरी हद्द अजून तिच्याच वळणांनी जाते. ताई एका पाटीसमोर बाबांना अक्षर-अक्षर दाखवत होत्या. हे 'या', म्हणजे दरी. हे 'नाका', म्हणजे मधलं. म्हणून यानाका.

पुढे तीन रस्ते मिळतात तिथे पावाच्या छोट्याशा दुकानावर एक अवाढव्य झाड वाकलेलं आहे. बाबांनी लांबूनच ओळखलं, देवदार! जपानीतही त्याला हिमालयाचंच नाव आहे. कोणे काळी कुंडीत लावलेलं रोप म्हणे, आता दुकान त्याच्या सावलीत बाहुलीच्या घरासारखं दिसतं.

आणि मग यानाकाची दफनभूमी. शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, योशिनोबू इथे आहे, ते बघायला लोक येतात. एका पाच मजली पॅगोडाचे नुसते पायाचे दगड आहेत, तो १९५७ मध्ये जळला. बाबा मात्र एका साध्या कबरीमागे थबकले. तिथे उंच लाकडी पट्ट्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यावर वरून खाली शाईने लिहिलेली अक्षरं होती. बाबांनी चष्मा पुसला. "ही जपानी अक्षरं नव्हेत. हा 'अ' आहे." ती सिद्धम् लिपी. आपल्या देवनागरीची चुलत बहीण म्हणा. भारतात ती कधीच वापरातून गेली, जपानमध्ये बीजाक्षरं अजून तिच्यात लिहितात. पट्टीला सोतोबा म्हणतात, आणि हा शब्द स्तूपावरूनच आला आहे. वरून खाली पाच अक्षरं, ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. ताईंना उच्चार जपानी पद्धतीने माहीत होते, क्या, का, रा, बा, आ. बाबा मूळ उच्चार सांगत होते आणि त्या वहीत टिपून घेत होत्या. पाऊण तास! मी एका बाकावर बसून दोघांकडे बघत होते. शिक्षक माणसं दोघंही.

त्या पाऊण तासामुळे दोन ठिकाणं राहून गेली, ताईंनी ती सरळ सोडून दिली. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तोपर्यंत युयाके दानदानच्या पायऱ्यांवर पोचलो आणि खाली यानाका गिंझाच्या बाजारगल्लीत दिवे लागताना बघितले.

पैसे: दर दिवशी सहा तासांचे ३६,००० येन दिले, तिघांचे मिळून, म्हणजे साधारण वीस-एकवीस हजार रुपये. ताईंचं तिकीट आणि जेवण आमच्याकडे. रक्कम मोठी आहे, मान्य. पण मला दोन दिवसांतला एकही येन परत नको आहे. गाईड घेणार असाल तर त्यांना ठिकाणांची यादी पाठवू नका, तुमच्या माणसांबद्दल लिहा. काही विचारायचं असेल तर विचारा.

शुभ्रा_नाशिक

वाचताना डोळे भरून आले. ओसागारी हा शब्द मनात राहील. जेवणाचं काय केलंत? आम्ही पक्के शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत, एप्रिलमध्ये जायचं चाललं आहे.

आडवाट

लेखन छान, पण मुद्द्याशी सहमत नाही. मी गेल्या वर्षी बारा दिवस टोकियो एकट्याने पायी फिरलो, रोज १५ ते १८ किलोमीटर. फोनवर नकाशा, फोनवर भाषांतर. चुकत चुकत फिरण्यात जे सापडतं ते आपलं असतं. गाईड बरोबर असला की तो दाखवेल तेच आपण बघतो. शिवाय एका दिवसाला वीस हजार रुपये हे मध्यमवर्गीय माणसाने सहज करण्यासारखं नाही, हेही धाग्यात यायला हवं.

निंबोणी

शुभ्रा, सगळ्यात मोठी अडचण दाशी, म्हणजे बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क. सूप, सोबा नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, कशातही असतो, आणि ताटात मासा दिसत नाही म्हणून वाढणाऱ्यालाही ते 'शाकाहारी'च वाटतं. ताईंनी आमच्यासाठी जपानीत एक चिठ्ठी लिहून दिली होती: मांस नको, मासे नकोत, माशाचा अर्कही नको. ती रोज कामाला आली. दुपारी एका दिवशी शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण मिळालं. त्यात लसूण-कांदाही नसतो, त्यामुळे तुमच्या सासूबाईंना ते चालेल. पण आधी नोंदवावं लागतं, आणि दाशी समुद्री शेवाळाची आहे ना हे तेव्हाही विचारून घ्या. घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कूट असं न्या आणि स्वयंपाकघराची खोली घ्या.

आडवाट, एकट्या तरुण माणसासाठी तुमचं बरोबर आहे. मीही पंचविशीत असेच देश फिरले. पण बाबांना रोज १५ किलोमीटर जमत नाही, त्यांचं चुकणं दोन किलोमीटरांत संपतं. आणि आम्हाला ताईंनी दाखवलं त्यापेक्षा आम्ही थांबलो तिथे त्या थांबल्या, हे जास्त. त्या पट्ट्या त्यांच्या आराखड्यात नव्हत्याच. पैशाचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच आकडा लपवला नाही.

निशीकसाईकर

मी चौदा वर्षं टोकियोच्या एदोगावा भागात राहतो, मूळचा सांगलीचा. दोन-चार गोष्टी भर म्हणून.

इथे १९४९ पासून गाईडांसाठी राष्ट्रीय परवाना परीक्षा आहे. भाषा, भूगोल, इतिहास सगळं विचारतात, आणि परीक्षा अवघड आहे. पूर्वी परवान्याशिवाय पैसे घेऊन गाईडचं काम करणं बेकायदा होतं. जानेवारी २०१८ पासून ती अट गेली, आता परवाना नसलेलेही पैसे घेऊन काम करू शकतात. त्यात चांगली माणसं आहेत, नाहीत असं नाही. पण आई-वडिलांना कोणाबरोबर पाठवायचं असेल तर परवाना आहे का हे जरूर विचारा. परवानावाल्यांना विचारल्याचा राग येत नाही.

आडवाट यांच्या पैशाच्या मुद्द्यावर: स्वयंसेवक गाईडांचे गट इथे बरेच आहेत. बहुतेक निवृत्त मंडळी, इंग्रजी सराव आणि माणसांची आवड म्हणून करतात. मानधन नाही, त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण द्यायचं. कामिनारीमोनसमोरच पर्यटन माहिती केंद्र आहे, केंगो कुमा यांनी रचलेली, एकावर एक लाकडी घरं ठेवल्यासारखी इमारत. तिथे चौकशी करा. आठव्या मजल्यावरून सेन्सोजीची अख्खी वाट फुकट दिसते.

टीप देऊ नका. टेबलावर ठेवून निघालात तर मागून धावत येऊन परत देतील. घरून काहीतरी छोटं न्या, नीट बांधलेलं. चिक्की, काजू, चहा, काहीही. फी रोख द्यायची असेल तर पाकिटात घालून, दोन्ही हातांनी.

नकाशावाल्यांसाठी एक. इथे बहुतेक गल्ल्यांना नावच नसतं. पत्ता म्हणजे प्रभाग, वस्ती, मग घरांच्या गटाचा आकडा, मग घराचा. बऱ्याच जुन्या वस्त्यांत हे आकडे ओळीने नाहीत. म्हणून पोलिसांच्या छोट्या चौकीत, कोबानमध्ये, भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा असतो आणि पत्ता सांगणं हे त्यांचं रोजचं काम आहे, बिनधास्त आत जा. गल्ल्यांना नाव नसलं तरी चढांना मात्र असतं! बऱ्याच जुन्या उतारांशी खांबावर नाव आणि त्यामागची गोष्ट लिहिलेली असते. चढांच्या नावांवरून चालत गेलात तर जुनं एदो, म्हणजे पूर्वीचं टोकियो, हाताला लागतं. मी रविवारी मुलीला घेऊन तेच करतो.

मंजिरी_ठाणे

आमचा अनुभव वेगळा, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरून खासगी पायी सहल घेतली. नाव देत नाही. गाईड मुलगा हसतमुख, पण चार तासांत तीन दुकानं. चाकूचं, चहाचं, किमोनो भाड्याने देण्याचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. सासऱ्यांना बसायला जागा हवी होती तर "पुढच्या दुकानात खुर्ची आहे" असं उत्तर मिळालं. जळफळाट झाला, पण आम्ही आधी काहीच विचारलं नव्हतं. आता कोणी विचारलं तर सांगते: वाटेत दुकानं आहेत का आणि ती टाळता येतील का, पाऊस आला तर काय, मध्येच दमलो तर टॅक्सीने परत सोडाल का, आणि सहलीला येणारी व्यक्ती तीच ना जिच्याशी आपण बोलतोय. या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या.

निंबोणी, तुमच्या ताईंसारखी ईमेल आली असती तर आम्ही तिथेच ओळखलं असतं.

निशीकसाईकर

टॅक्सीचं बरं काढलंत. सुरुवातीचं भाडं ५०० येन, साधारण १.१ किलोमीटरपर्यंत. तीन माणसं आणि दुखरे गुडघे असतील तर कंजुषी करू नका. मागचा दरवाजा चालक आतून उघडतो, ओढायला जाऊ नका.

दर्यावर्दी

इतिहासात रस असणाऱ्यांनी गाईडला शिंजुकूची एक वेगळी फेरी मागावी. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोचले, ब्रिटिशांच्या दबावामुळे त्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवलं. पुढे त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी त्यांचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली. १९२७ मध्ये नाकामुरायाने खाण्याचं दालन उघडलं तेव्हा बोसांनी तिथे बंगाली पद्धतीची कोंबडीची करी सुरू करून दिली, ती आजही मिळते. सुगिनामी भागातल्या रेन्कोजी देवळात नेताजींच्या म्हणून जपलेल्या अस्थी आहेत, आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे. देऊळ छोटं, शांत वस्तीतलं. आपले राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद, पंडित नेहरू, वाजपेयी तिथे जाऊन आले.

आणि मुंबईकरांसाठी: जपानची पहिली लांब पल्ल्याची नियमित बोटसेवा १८९३ मध्ये सुरू झाली ती मुंबईसाठी. आपला कापूस नेण्यासाठी. जमशेटजी टाटांचा त्यात पुढाकार होता. योकोहामाच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर मला ते आठवलं होतं आणि सांगायला बरोबर कोणी नव्हतं. गाईड हवा तो अशा वेळीही.

कवडसा

एक प्रश्न विचारायचा आहे, मनापासून. माझी मावशी ६७ वर्षांची, गेली तीस वर्षं पूर्ण दृष्टिहीन. गाणं शिकवायची. तिला जपानला जायचं आहे, लहानपणापासूनचं आहे तिचं. घरातले म्हणतात की दिसत नाही तर एवढा खर्च कशाला. हा धागा मी तिला वाचून दाखवला तर तिने गिंकोच्या खोडाचा भाग दोनदा वाचायला लावला. अशा प्रवासात गाईड तिला काय देऊ शकेल? कोणाला अनुभव आहे?

निंबोणी

कवडसा, नक्की न्या. मी आत्ता डोळे मिटून आमचे दोन दिवस आठवले. सेन्सोजीसमोर उदबत्त्यांचं मोठं धुपाटणं आहे, लोक हाताने धूर अंगावर ओढून घेतात. शेजारी चिठ्ठीतलं भविष्य काढायला धातूचा डबा हलवायचा असतो, आतल्या काड्यांचा खळखळाट आणि मग एक काडी बाहेर. कोतोतोईचे दगड हाताला लागतात. मात्सुचियामाच्या पायऱ्यांवरचे मुळे बोटांनी वाचता येतील, खरा मुळा हातात घेता येईल. यानाकात सेनबेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, सोया लावून भाजतात, त्याचा वास दोन घरं आधीच येतो. आणि ताईंना आजच लिहिते.

निशीकसाईकर

रस्त्यावरच्या पिवळ्या उठावदार फरश्या आता आपल्याकडे मेट्रोत दिसतात ना, त्या मुळात इथल्याच. सेइइची मियाके यांनी शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. टोकियोत त्या रुळांसारख्या सलग जातात. ठिपके म्हणजे थांबा, रेघा म्हणजे चालत राहा. बऱ्याच चौकांत सिग्नल पक्ष्यांच्या आवाजात बोलतो, एका दिशेला 'काक्को', दुसऱ्या दिशेला 'पियो पियो'. यामानोते रेल्वेमार्गावरच्या बऱ्याच स्थानकांत गाडी सुटताना आपापली धून वाजते. गाणं शिकवणाऱ्या बाईंना हे शहर आवडेल. आणि उएनोच्या शिनोबाझू तळ्यात बेटावर बेन्तेनचं देऊळ आहे. बेन्तेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा, म्हणजे जपानी तंतुवाद्य. आवारात दगडाचा बिवा आहे. तिथे न्याच. मी रजा टाकून येतो, हवं तर.

आडवाट

निंबोणी, मी वर जे लिहिलं ते माझ्या अनुभवापुरतं होतं. कवडसा यांची पोस्ट वाचल्यावर ते सगळ्यांना लागू करणं चूक वाटतं. मावशींच्या गाईडच्या खर्चात माझा काही वाटा चालणार असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.

शुभ्रा_नाशिक

आमचं एप्रिलचं नक्की झालं! परवानाधारक गाईड, एक दिवस. यादी पाठवली नाही. सासूबाई भरतकाम करतात एवढंच लिहिलं. उत्तर आलं की निप्पोरीला कापडाच्या दुकानांची अख्खी गल्ली आहे, तिथून सुरू करू.

कवडसा

पाच महिन्यांनी या धाग्यावर येते आहे. आम्ही जाऊन आलो. आडवाट, निशीकसाईकर, निंबोणी, तुमचे तिघांचे आभार मानायला मला नीट शब्द सापडत नाहीत.

ताईच आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला विचारलं की हात धरू की तुम्ही माझा दंड धरता? मावशी म्हणाली, दंड. इतकी वर्षं आम्ही घरचे तिला ओढत नेतो, आणि हे कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांत जेमतेम सहा किलोमीटर चाललो असू. ताई चालता चालता शहर वाचून दाखवत होत्या. डावीकडे लाकडी भिंत, वास येतोय ना? आता रस्ता उतरतोय, पूर्वी इथे पाणी होतं. उजवीकडे आजी कुंड्यांना पाणी घालते आहे, आपल्याकडे बघून वाकली. मावशी त्या दिशेला वाकली.

बेन्तेनसमोर मावशीने दगडाच्या बिवावरून बोटं फिरवली, मग ताईंना विचारून एक बंदिश म्हटली, फक्त स्थायी. निशीकसाईकर त्यांच्या मुलीला घेऊन आले होते, तिने सगळं रेकॉर्ड केलं आहे.

उएनोजवळच्या एका चौकात सिग्नल लागला आणि काक्को, काक्को सुरू झालं. मावशी पावलं टाकायची थांबली. "ग, सा," म्हणाली. पुन्हा ऐकलं, पुन्हा म्हटलं, "ग, सा." ताईंनी ते म्हणून बघितलं. आम्ही तिथे चार सिग्नल उभे राहिलो. माणसं दोन्ही बाजूंनी ओलांडून जात होती आणि त्या दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ग-सा, ग-सा म्हणत होत्या.